मंगळवारचं सील, गुरुवारचं कुंकू

१

शनिवारी सकाळी सव्वानऊला मी सील फोडलं, डबा उघडला आणि आत मला कुंकू दिसलं.

चिमूटभरसुद्धा नव्हतं. कवटीला भोक पाडायचं जे हातड्रिल असतं, त्याच्या सांध्यात एक लाल रेघ. पण हा स्टीलचा डबा मी मंगळवारी स्वतः कुलूप घालून बंद केला होता, वर माझ्या सहीचा कागद डिंकाने चिकटवला होता. आणि आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारांची पूजा झाली गुरुवारी, दसऱ्याला. मंगळवारी सील झालेल्या डब्यात गुरुवारचं कुंकू कसं आलं?

मी रचना. नौपाड्यात गोखले रोडच्या मागे चाळीस खाटांचं एक हॉस्पिटल आहे, तिथे संसर्ग रोखण्याचं काम बघते. सोप्या भाषेत सांगायचं तर कोणी हात धुतले आणि कोणी नुसते पुसले, यावर डोळा ठेवते. असल्या बाईवर कोणी माया करत नाही. मलाही त्याची फार गरज वाटत नाही.

डब्यात सात हत्यारं होती. ती दामाजींच्या डोक्यात जाऊन आलेली. दामाजी कोपरच्या खाडीवर मासेमारी करणारे, अठ्ठावन्न वर्षांचे. आधी जाळ्याची गाठ मारायला विसरले, मग बायकोचं नाव विसरले, मग हातपाय आपोआप झटकायला लागले. हे सगळं तीन महिन्यांत झालं. मेंदूचा तुकडा काढून तपासायला पाठवला, संशय होता म्हणून हत्यारांचा तो संच तेव्हापासून बाजूलाच ठेवला, आणि मंगळवारी रिपोर्ट आला: प्रायॉनचा आजार. त्यांची बायको आवडाबाई मला एवढंच विचारत होती की मासे खाऊन झालं का. मी म्हटलं, नाही हो, हा बहुतेक वेळा आपला आपणच होतो, कोणाची चूक नसते.

डबा जाळायला नेणारी एजन्सी दसऱ्यामुळे दोन दिवस बंद होती. आज त्यांचा माणूस खाली गाडी लावून उभा होता. जाळायच्या आधी मोजून घ्यावं म्हणून मी डबा उघडला, नाहीतर हे कुणाला कधी कळलंच नसतं.

आणखी एक गोष्ट खटकली. मंगळवारी मी सातही हत्यारं उघडी ठेवली होती. आता ड्रिल एका हिरव्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं.

मी घड्याळ बघितलं. वरच्या मजल्यावर कृतिकाला थिएटरमध्ये घ्यायची तयारी चालू होती.

२

प्रायॉन म्हणजे काय, हे मी आमच्या स्टाफला ऑपरेशनचा टॉवेल हातात घेऊन शिकवते. हा जंतू नाही. यात जीवच नसतो. आपल्याच मेंदूतलं एक प्रथिन, फक्त त्याची घडी चुकलेली. कापड तेच, धागा तोच, घडी वेगळी. हे चुकलेलं प्रथिन शेजारच्या धडक्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याचीही घडी आपल्यासारखी करून टाकतं. मग ते पुढच्याला. अशी लांब रांग होते, ती मोडते, आणि प्रत्येक तुकडा नवी रांग लावायला बसतो. एका पेशीतून शेजारच्या पेशीत, मज्जातंतूंच्या वाटेने पुढे. परकं कोणी आलंय हे शरीराला कळतच नाही, म्हणून ना ताप, ना सूज. दहा, वीस वर्षं माणूस धडधाकट फिरतो आणि एके दिवशी जाळ्याची गाठ विसरतो.

जे जिवंतच नाही ते मारणार कसं? उकळा, नेहमीच्या वाफेत घाला, फॉर्मॅलिनमध्ये बुडवा, ते पोलादाला चिकटून बसलेलंच. म्हणून आमच्याकडे नियम एकच, त्या हत्यारांना जाळायचं.

कृतिका वीस वर्षांची, कल्याणची. आठ दिवसांपूर्वी स्कूटीवरून पडली, तेव्हा काही वाटलं नाही. आता कवटीच्या आत साचलेलं रक्त मेंदूवर दाबत होतं आणि पोरगी सकाळपासून झोपाळली होती. तिच्या कवटीला भोक पाडून ते रक्त काढायचं होतं. आमच्याकडे अशा कामाचे तीन संच. पहिला या डब्यात. तिसरा बुधवारी दुपारी कल्याणला दौलतकडे धार लावायला गेलेला. उरला दुसरा, जो कृतिकासाठी मांडून ठेवला होता, आणि त्यातही अगदी असंच एक हातड्रिल होतं. इलेक्ट्रिक ड्रिल महिनाभर बंद पडलेलं.

मी सर्जन डॉक्टर सुधीरांना गाठलं आणि म्हटलं, दुसरा संच वापरू नका, डबा कोणीतरी उघडलाय.

त्यांनी शांतपणे विचारलं, "डब्यात सात हत्यारं आहेत ना?"

"आहेत."

"मग कोणीतरी ड्रिल काढलं, पूजेत ठेवलं आणि परत आणून ठेवलं. चीड येण्यासारखं आहे, मान्य. पण दुसऱ्या संचाला काय झालं?"

"पूजेत ती दोन ड्रिलं शेजारी शेजारी असणार. अदलाबदल झाली असेल तर दामाजींचं ड्रिल तुमच्या टेबलावर आहे, सर. आणि शेजारी ठेवलेल्या बाकीच्यांचीही मी हमी देत नाही."

त्यांनी डोळे चोळले. ते म्हणाले की ती पोरगी बेशुद्धीकडे चाललीय हे त्यांना डोळ्यांनी दिसतंय, आणि माझ्याकडे आहे ती फक्त शंका. अकरापर्यंत ते थांबतील. तोवर कल्याणहून तिसरा संच आला तर उत्तम, नाहीतर दुसऱ्याने करतील. अकराच्या पुढे थांबवायचं असेल तर अदलाबदल झाल्याचा पुरावा आणायचा.

ठाण्यात दोन ठिकाणी फोन केले. एकीकडचा संच वापरात होता, दुसरीकडचे म्हणाले, लेटरहेडवर पत्र पाठवा. मी निर्जंतुकीकरण विभागातल्या प्रणितला त्याच्या बाइकवर कल्याणला पिटाळलं. तो तरुण आहे, चलाख आहे, हेल्मेट मात्र सांगितल्याशिवाय घालत नाही.

तो गेला आणि मग मी फोडलेल्या सीलचा कागद उजेडात धरला. माझ्या सहीची शाई पसरली होती. कागदाला ओल लागली होती, पण सकाळी मी फाडला तेवढी जागा सोडली तर तो कुठेही फाटलेला नव्हता. वाफेवर धरून डिंक सोडवला आणि परत चिकटवला, की असंच दिसतं.

हॉस्पिटलात वाफ एकाच खोलीत असते. ती खोली प्रणितच्या ताब्यात होती, आणि उरलेला एकुलता एक स्वच्छ संच आणायला मी त्यालाच पाठवलं होतं.

३

कुलपाची किल्ली थिएटर इन्चार्ज सोनलकडे असते. मी तिला गाठलं तर ती आधी चिडली, मग रडवेली झाली. दसऱ्याला तिची सुट्टी होती. किल्ल्यांचा जुडगा ती बुधवारी संध्याकाळी थिएटरमध्ये ठेवून गेली होती.

"किल्ली अशी ठेवून जातात का गं?" मी विचारलं.

"अगं, किल्ल्यांचीपण पूजा असते ना. दरवर्षी पाटावर ठेवतो आपण. तूच तर प्रसादाचे पेढे खाल्लेस."

खाल्ले होते. मला त्या पाटावर सगळं दिसलं होतं, कात्र्या, चिमटे, जुडगा, झेंडूच्या पाकळ्या. एक ड्रिल जास्त आहे हे काही मला दिसलं नव्हतं. दुसऱ्यांच्या हातांकडे बघायचा पगार घेते आणि नेमकं त्या दिवशी माझं लक्ष पेढ्यांवर होतं.

म्हणजे गुरुवारी सकाळी किल्ली सगळ्यांसाठी मोकळी होती. वाफेच्या खोलीत जाणारे मात्र दोघेच. एक प्रणित. दुसरे काळुराम मामा.

आमच्याकडे वॉर्डबॉयला मामा म्हणतात, पण काळुराम हे खरोखरचे मामा. एकतीस वर्षं थिएटरमध्ये. हॉस्पिटल ज्यांनी काढलं त्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेले, हत्यारं पुसताना अजूनही "मोठ्या डॉक्टरांचं" असं म्हणतात. मी नवीन असताना मला रडताना बघून गुपचूप चहा आणून देणारा हाच माणूस. मला त्यांच्याबद्दल शंका घ्यायची नव्हती. मी प्रणितला फोन लावला.

"कुठे आहेस रे?"

"दौलतकाकांकडे पोचलोय सिस्टर. संच तयार आहे, निघतो."

"प्रणित, मंगळवारनंतर तो डबा तू उघडलेलास?"

त्याने बाइकचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मी कशाला उघडू? त्या डब्याकडे बघायलापण फाटते माझी. तुम्हीच ते टॉवेलवालं लेक्चर दिलेलं ना."

खरं बोलत होता की नाही, कोण जाणे. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी खाली आले.

खाली रक्तदानाचं शिबिर चालू होतं. मोठ्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ दसऱ्यानंतरच्या शनिवारी दरवर्षी असतं. प्रणितने सकाळी सर्वात आधी रक्त देऊन सेल्फीही टाकला होता, तो माझ्याही फोनवर आला होता. आणि तिथे टेबलामागे काळुराम मामा उभे राहून बिस्किटांचे पुडे फोडत होते.

सकाळी येताना मी त्यांना तिथेच बघितलं होतं आणि पुढे निघून गेले होते. आता माझे पाय थांबले. दरवर्षी या शिबिरात पहिली बाटली काळुराम मामांची असते. आतापर्यंत एकोणसाठ वेळा दिलंय, कार्ड खिशात घेऊन फिरतात. यंदा साठावी वेळ, नगरसेवकाकडून शाल मिळायची होती.

"मामा, तुम्ही झोपला नाहीत अजून कॉटवर?"

"बीपी वाढलंय सिस्टर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी तपासणीच्या टेबलावरची यादी बघितली. त्यांचं बीपी कोणी मोजलंच नव्हतं. आणि बिस्किटाचा पुडा ते चार बोटांनी फोडत होते, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

४

वाफेच्या खोलीत मी दार लावून घेतलं. दहा वाजून वीस मिनिटं.

मी म्हटलं, मामा, प्रणितने तो डबा उघडला असता तर आज त्याने रक्त दिलं नसतं, ठाऊक असून देण्याइतका तो पोरगा नालायक नाही असं मला वाटतं. पण ज्याला ठाऊक आहे की आपल्याला त्या हत्याराचं टोक लागलंय, आणि ज्याने माझं लेक्चर नीट ऐकलंय, तो माणूस साठावी शाल सोडेल आणि बिस्किटं वाटत उभा राहील. असा माणूस आपल्याकडे एकच आहे.

ते स्टुलावर बसले. वय झाल्यासारखे दिसले एकदम.

"मी उघडलेला डबा," ते म्हणाले. "त्यात मोठ्या डॉक्टरांचं ड्रिल होतं सिस्टर. एकतीस वर्षं पाटावर पहिलं फूल त्यालाच वाहतो मी. शनिवारी ते जळणार. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी."

बाकीचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पहाटेच वाफेवर सील सोडवलं. ड्रिल पुसायला घेतलं, तर हातमोजे घातले नाहीत, कारण पूजेच्या वस्तूला रबराचा हात कोण लावतं. पुसताना टोक अंगठ्यात घुसलं. रक्त थांबेना तसं ड्रिल पाटावर ठेवून, कुंकू वाहून, ते नळाखाली हात धरायला गेले. आरती झाली, पेढे वाटले, ड्रिल परत डब्यात ठेवलं, सील चिकटवलं. दुसऱ्या कुणाला धोका नको म्हणून लगेच ठेवलं. अंगठ्याचं काय ते त्यांचं त्यांनी बघून घेतलं असतं.

मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

"परत ठेवलं ते तुम्ही पाटावरून स्वतः उचललंत?"

"हो... म्हणजे, गुंडाळलेलं होतं. तसंच घेतलं."

"तुम्ही गुंडाळलं नाही?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि मग त्यांचा चेहरा उतरला. मी खिशातला फोन काढला. डबा उघडताच मी फोटो काढला होता. हिरव्या टॉवेलाची घडी, टोक आत खोचून, पानाचा विडा बांधतात तशी. आमच्या थिएटरमध्ये सगळे टॉवेल तीन पदरी घडी घालतात. विडा बांधणारी एकच बाई आहे. सात वर्षं मी तिच्याशी त्या घडीवरून भांडते आहे.

५

हौसाबाई मावशी लिननच्या कपाटापाशी होत्या. मी नुसतं विचारलं की दसऱ्याला पाट कुणी आवरला.

"मीच की. मामा गेले हात धुवायला, मंग मी पुसलं समदं ओल्या फडक्यानं. कुंकू राहिलं का कुठं?"

"ती दोन ड्रिलं?"

"दोन व्हती खरी. सारखीच तर हायेत. येक टॉवेलात बांधून मामाला दिलं, येक सोनलताईंच्या ट्रेमधी ठिवलं. का वो, काय झालं?"

कुठलं कुठे ठेवलं, हे तिला विचारून उपयोग नव्हता. ती सारखीच होती. पस्तीस वर्षांपूर्वी जोडीने घेतलेली, त्याच कंपनीची, तेवढ्याच वजनाची. बाहेरून बघून चांगलं कुठलं आणि घातक कुठलं हे कळत नाही, याच आजारासारखं.

तेवढ्यात मागून काळुराम मामा म्हणाले, "मला कळंल."

मी वळले.

"मोठे डॉक्टर डावखुरे होते. मुठीवरच्या खाचा डाव्या अंगाला झिजल्यात. दुसऱ्याच्या कोऱ्या हायेत. मला बघूद्या."

डबा माझ्या खोलीत होता. मी दोन जोड हातमोजे घातले, टॉवेल सोडला आणि ड्रिल त्यांच्यासमोर फिरवलं. त्यांना हात लावू दिला नाही. त्यांनी चष्मा वर केला, वाकले, आणि बराच वेळ बघत राहिले. मलाही दिसलं. सगळीकडे खाचा होत्या, सगळ्या सारख्या, कोऱ्या.

मोठ्या डॉक्टरांचं ड्रिल डब्यात नव्हतं.

एवढ्यात फोन वाजला. प्रणित. मुंब्रा बायपासवर कंटेनर आडवा झालाय, तो अडकलाय.

अकराला पाच कमी होते.

६

मी जिन्याने गेले. बावन्नाव्या वर्षी तीन मजले धावत चढणं हे काय असतं ते चढणाऱ्यालाच माहीत. थिएटरच्या दाराबाहेर कृतिकाची आई बसली होती, हातात पोरीचे कानातले घट्ट धरून. तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून उभी राहिली. मी तशीच आत शिरले.

आत कृतिकाचं डोकं हिरव्या कापडांत मांडलेलं, एवढीशी तासलेली जागा उघडी. सुधीर डॉक्टरांचे हात पुढे होते आणि सोनल ट्रेवरचं ड्रिल उचलत होती.

"सोनल, खाली ठेव. मूठ बघ. डावी बाजू."

सोनलने ड्रिल दिव्याखाली धरलं. डाव्या अंगाला खाचा अशा गुळगुळीत झाल्या होत्या की त्यावर दिवा चमकला.

"झिजलेलं आहे," ती म्हणाली.

मी सुधीर डॉक्टरांना चार वाक्यांत सांगितलं. दामाजींच्या डोक्यातलं ड्रिल हेच आहे. डब्यात त्याची जोडी आहे. पूजेला असलेलं काहीही आता स्वच्छ नाही. फक्त तिसरा संच बुधवारीच बाहेर गेला होता, डबा गुरुवारी उघडला, म्हणजे त्याला या कशाचाही स्पर्श झालेला नाही.

त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे. "किती वेळ देऊ शकता?"

"अर्धा तास. औषधाने दाब धरून ठेवतो. त्याच्या पुढचं मला विचारू नका."

मग आम्ही थांबलो. मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिलीय, पण ती सव्वीस मिनिटं मला अजून पाठ आहेत. दर मिनिटाला भूलतज्ज्ञ तिच्या पापण्या उघडून बघायचे. एकदा म्हणाले, उजवी बाहुली जरा मोठी वाटते, आणि सुधीर डॉक्टर त्या ट्रेकडे ज्या नजरेने बघत होते ती मला समजत होती. मीही मनात म्हणत होते, आत्ता मरण्यापेक्षा वीस वर्षांनी बरं. मग ट्रे मी स्वतः उचलून बाहेर नेला, त्यांनी बघूच नये म्हणून.

दाराबाहेर काळुराम मामा भिंतीला टेकून उभे होते. प्रणितने बाइक बायपासवर टाकून दिली होती आणि चालत कंटेनर ओलांडून पलीकडून रिक्षा धरली होती. अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली, तेव्हा जिन्यात बुटांचा आवाज आला. त्याच्या हातात दौलतने बांधलेला खोका होता, डोक्यावर हेल्मेट तसंच. संचाला तातडीच्या वाफेची चार मिनिटं हवी होती, तेवढा वेळ उरलाच होता आणि तेवढाच उरला होता. कृतिकाच्या डोक्यात दामाजींचा प्रायॉन गेला नाही.

७

दीड वाजता ती शुद्धीवर आली आणि पाणी मागितलं. तिच्या आईने माझा हात धरला. काय टळलं हे तिला सांगितलेलं नव्हतं, ते संध्याकाळी सुधीर डॉक्टर सांगणार होते.

पूजेच्या पाटावरचं सगळं, दुसरा संच, पहिला संच, आणि ते झिजलेलं ड्रिल, एजन्सीच्या माणसाने एकत्र नेलं. गुरुवारच्या पूजेनंतर पाटावरचं काहीही दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनला वापरलं गेलं नव्हतं, हे मी रजिस्टरमधून तीनदा बघितलं.

मग मी रिपोर्ट लिहायला बसले. काळुराम मामा समोर उभे. त्यांची नोकरी दोन वर्षं उरली होती. त्यांनी सांगितलं, माझं नाव लिहा, मी लिहिलं. त्याच्या खाली माझंही लिहिलं. तो डबा हॉस्पिटलात ठेवायलाच नको होता, आणि ज्या पाटावर दरवर्षी काय काय मांडतात हे मला माहीत असून मी त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

"सिस्टर, मला किती वर्षं?"

मी खोटं बोलू शकले असते. त्यांना मी टॉवेल घेऊन शिकवलं होतं, त्यामुळे बोलले नाही. अंगठ्यातून असं होणं फारच दुर्मीळ, होण्याची शक्यता अगदी कमी, बहुधा काहीच होणार नाही. पण आज कुठली तपासणी नाही, आणि होणार नाही असं लिहून देणारा डॉक्टर नाही.

"म्हणजे वाट बघायची."

"हो."

त्यांनी खिशातून रक्तदानाचं कार्ड काढलं, एकोणसाठ शिक्के, कडा मऊ झालेल्या, आणि टेबलावर ठेवलं. "रक्त नाही ते मला कळलं. ते मी आपला आपणच बंद केलं." मग पाकिटातून आणखी एक चिठ्ठी काढली, नेत्रदानाची. मोठे डॉक्टर गेले त्या वर्षी भरलेली. "डोळे तरी चालतील ना?"

डोळ्यामागची नस थेट मेंदूत जाते. हेही मीच शिकवलं होतं.

"नाही, मामा."

मग त्यांनी चिठ्ठी कार्डावर ठेवली, दोन्ही माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, ती पोरगी उठली का. मी म्हटलं, उठली, पाणी प्यायली.

"बरं झालं," ते म्हणाले. खाली शिबिर अजून चालू होतं. ते बिस्किटं वाटायला गेले.